नागमोडी रेघ: आठ पियानो रचनांच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

ताईंचं हस्तलिखित आलं. त्यांनी रचलेल्या पियानोच्या आठ छोट्या रचना, एकतीस पानं, आधी पेन्सिलीने लिहून वर शाईने गिरवलेली. काम असं: सगळं लिलिपॉन्ड या संगीत-छपाईच्या प्रोग्रॅममध्ये टाइप करून वाजवणाऱ्याच्या हातात देता येईल असं छापील शीट म्युझिक तयार करायचं. सहाव्या रचनेची हार्प या तारवाद्यासाठी वेगळी प्रतही करायची आहे.

आज काहीच टाइप केलं नाही, फक्त वाचलं. मोडून वाजवायचे कॉर्ड, म्हणजे एकत्र लिहिलेले पण एकामागून एक वाजवायचे सूर, फार आहेत. नागमोडी रेघ असलेले मोजले तर १४३ निघाले आणि त्यातले ६१ एकट्या चौथ्या रचनेत.

अशा मोडण्याला अर्पेजिओ म्हणतात, शब्द इटालियन. त्याच्या पोटात हार्प आहे, म्हणजे हार्पसारखं वाजवणं. कॉर्डचे सूर एकदम न दाबता एकामागून एक दाबायचे आणि दाबलेला प्रत्येक सूर धरून ठेवायचा. त्यासाठी कॉर्डच्या डावीकडे एक उभी नागमोडी रेघ काढतात. बाण नसेल तर खालून वर.

एवढीशी खूण, पण ती बरंच काही सांगत नाही. किती भरभर वाजवायचं? बीटवर, म्हणजे तालाच्या ठोक्यावर, कोण येणार, पहिला सूर की शेवटचा? डावा हात संपल्यावर उजवा सुरू होणार, की दोन्ही हात एकाच वेळी निघणार? सराईत वादक स्वतःच्या कानाने याची उत्तरं काढतो. पण मी छापील प्रत करतो आहे, आणि एकदा छापलं की माझी चूकसुद्धा रचनाकाराची इच्छा म्हणून वाजवली जाते. म्हणून या १४३ रेघांसाठी ही वेगळी वही.

९ जानेवारी

पहिली रचना टाइप झाली. यात अकराच मोडलेले कॉर्ड आहेत आणि सगळे एका हातात, म्हणून शिकायला बरी. संपूर्ण कामासाठी लागणारे नियम इथेच ठरवून टाकले.

रेघ कॉर्डच्या डावीकडे, पण सूर अर्धा चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या शार्प-फ्लॅटच्या खुणांच्याही डावीकडे. म्हणजे डोळ्याला आधी रेघ दिसते, मग ॲक्सिडेंटल (ती शार्प-फ्लॅटची खूण), मग नोटहेड (सुराचा ठिपका). हस्तलिखितात ताईंनी दोन ठिकाणी रेघ ॲक्सिडेंटल आणि नोटहेड यांच्या मध्ये घुसवली आहे. हाताने लिहिताना जागा संपली की असं होतं. छापताना मात्र फ्लॅट रेघेच्या पलीकडे गेला तर तो कुठल्या सुराचा हे क्षणभर कळत नाही आणि वाजवताना तो क्षणही महाग पडतो.

रेघ सर्वांत खालच्या सुरापासून सर्वांत वरच्या सुरापर्यंत पोचलीच पाहिजे, आणि दोन्ही टोकांना जराशी बाहेर यावी. आखूड पडली तर बाहेर राहिलेला सूर मोडायचा नाही असा अर्थ होतो. लिलिपॉन्ड ही रेघ एकच लहान तुकडा एकावर एक रचून काढतो. त्यामुळे तिची लांबी पायऱ्यापायऱ्यांनी वाढते आणि टोक कधी चांगलंच बाहेर येतं, तर कधी अगदी निसटतं येतं. बाराव्या बारमध्ये, म्हणजे तालाच्या बाराव्या खणात, रेघ वरच्या स्लरला (सूर जोडून वाजवायला सांगणाऱ्या कमानीला) टेकत होती. तिथे हाताने वरची-खालची मर्यादा दिली. ती स्टाफच्या, म्हणजे सूर लिहायच्या पाच आडव्या रेघांच्या पट्टीच्या, दोन रेघांमधल्या अंतरात मोजून द्यायची असते, एवढं लक्षात ठेवलं की काम सोपं आहे.

एका स्टाफवर दोन आवाज (सुरांच्या दोन स्वतंत्र ओळी) असतील, म्हणजे एकाच्या दांड्या वर आणि दुसऱ्याच्या खाली, आणि दोन्ही मिळून एक कॉर्ड मोडायचा असेल, तर रेघही दोन्ही मिळून एकच हवी. ते आपोआप होत नाही. स्टाफमध्ये 'स्पॅन अर्पेजिओ एन्ग्रेव्हर' हा लिलिपॉन्डचा रेघ काढणारा भाग वेगळा जोडावा लागतो.

१३ जानेवारी

चौथी रचना. खरं काम इथून सुरू.

पियानोच्या दोन स्टाफवर पसरलेला कॉर्ड दोन तऱ्हांनी मोडता येतो आणि तो फरक खुणेतच आहे. खालच्या स्टाफच्या तळापासून वरच्या स्टाफच्या माथ्यापर्यंत एक सलग लांब रेघ असेल, तर डाव्या हाताच्या सर्वांत खालच्या सुरापासून उजव्या हाताच्या सर्वांत वरच्या सुरापर्यंत एकच लाट. प्रत्येक स्टाफवर स्वतंत्र आखूड रेघ असेल, तर दोन्ही हात एकाच वेळी आपापल्या खालच्या सुरापासून निघतात. कागदावर फरक दोन स्टाफमधल्या रिकाम्या जागेचा, तिथे शाई आहे की नाही एवढाच. कानाला मात्र ती दोन वेगळी वाक्यं आहेत.

ताईंच्या हस्तलिखितात एकसष्टपैकी बावन्न ठिकाणी गोष्ट स्पष्ट आहे. उरलेल्या नऊ ठिकाणी रेघ दोन स्टाफच्या मध्ये तुटली आहे. तुटली म्हणजे तोडली, की सहज पेन उचललं गेलं? हातभर लांब नागमोड एका दमात काढणं सोपं नाही, मीही काढून पाहिली. मनगट मध्येच थांबतं.

ताईंना विचारलं. त्या प्रवासात आहेत, हस्तलिखिताची प्रत जवळ नाही, परतल्यावर वाजवून सांगते म्हणाल्या. तोपर्यंत मला जे दिसतं ते लिहून ठेवतो.

१४ जानेवारी

नऊही जागा ६०० डीपीआयवर स्कॅन केल्या आणि पडद्यावर मोठ्या करून पाहिल्या.

सात ठिकाणी खालच्या तुकड्याचं शेवटचं वळण डावीकडे झुकत संपतं आणि वरच्या तुकड्याचं पहिलं वळण तिथूनच पुढे उजवीकडे वळतं. मध्ये शाई नाही, पण हाताची लय तुटलेली नाही. दोन तुकड्यांवर पट्टी ठेवली तर ते एका रेषेत येतात. ही सात ठिकाणं माझ्या मते सलग.

दोन ठिकाणं वेगळी, बार २३ आणि बार ३१. दोन्हीकडे तोच कॉर्ड आहे. डाव्या हातात डी फ्लॅट, ए फ्लॅट, एफ. उजव्या हातात बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट. दोन्ही जागी वरचा तुकडा शाईच्या ताज्या ठिपक्याने सुरू होतो, म्हणजे पेन नव्याने टेकलेलं आहे, आणि खालच्या तुकड्यापेक्षा तो जवळजवळ अडीच मिलीमीटर उजवीकडे सरकला आहे. ही दोन माझ्या मते स्वतंत्र.

पण शाईवरून संगीत ठरवणं मनाला पटत नाही. पियानोवर जाऊन दोन्ही तऱ्हांनी वाजवलं.

सलग वाजवलं तर सहा सूर खालून वर एका ओळीत चढतात आणि वरचा ए फ्लॅट शेवटी, एकटा, चमकून येतो. सुंदर आहे. स्वतंत्र वाजवलं तर सहा सुरांच्या तीन जोड्या होतात. डी फ्लॅटबरोबर बी फ्लॅट, ए फ्लॅटबरोबर ई फ्लॅट, एफबरोबर ए फ्लॅट. अंतरं मोजली, खालच्या सुराला एक धरून वर सूर मोजत. पहिली जोडी तेराव्याची, दुसरी बाराव्याची, तिसरी दहाव्याची. हात वर चढता चढता एकमेकांच्या जवळ येतात. आणि बार २२ मध्ये दोन्ही हात काय करत होते? शेवटच्या चार जोड्या दहाव्याच्याच आहेत! म्हणजे स्वतंत्र वाजवलं तर हा कॉर्ड आधीच्या बारचा धागा पुन्हा हाती घेऊन त्याच अंतरावर येऊन थांबतो.

हे कळल्यावर बराच वेळ तो एकच बार वाजवत बसलो. बार २३ बद्दल आता मला फारशी शंका नाही. बार ३१ च्या आधी दहाव्यांची चाल नाही, तिथे फक्त शाईचा पुरावा.

२० जानेवारी

चौथी रचना टाइप केली. लिलिपॉन्डमध्ये लांब रेघेसाठी दोन्ही हातांच्या कॉर्डला अर्पेजिओची आज्ञा द्यायची आणि पियानोस्टाफवर (दोन्ही स्टाफच्या जोडीवर) 'कनेक्ट अर्पेजिओज' चालू करायचं. ते बंद केलं की पुन्हा दोन आखूड रेघा. म्हणून बार २३ च्या आधी बंद, नंतर चालू. एकाच क्षणी काही आवाजांना जोडलेली आणि काहींना सुटी रेघ एकाच पियानोस्टाफमध्ये काढता येत नाही, हे तिथे आधीच सांगून ठेवलेलं आहे. आपल्याला तशी गरज पडली नाही.

लांब रेघेचा त्रास दुसराच. दोन्ही स्टाफवरच्या ॲक्सिडेंटलपैकी ज्याची गर्दी जास्त, त्याच्याही डावीकडे ती उभी राहते. मग दुसऱ्या स्टाफवर रेघ आणि नोटहेड यांच्यात मोकळा पट्टा उरतो आणि रेघ कुणाचीच वाटत नाही. चार ठिकाणी ॲक्सिडेंटलची मांडणी थोडी आवळून ते अंतर कमी केलं. पूर्ण गेलं नाही, पण आता डोळा अडखळत नाही.

ऐकण्यासाठी मिडी, म्हणजे संगणकाने वाजवायची फाइल, काढली, तर प्रत्येक कॉर्ड धाडकन एकदम वाजला. लिलिपॉन्डच्या मिडीत ही रेघ उतरत नाही, ती फक्त छापण्यापुरती. तपासणी कानाने करायची तर स्वतःच वाजवावं लागेल. त्यातही एक फायदा आहे: यंत्र प्रत्येक कॉर्ड एकाच ठरावीक वेगाने मोडतं, आणि तेच कानात बसलं असतं.

२४ जानेवारी

दुसरी रचना, ३/४ मध्ये, म्हणजे एका बारमध्ये तीन बीट. इथे बीटचा प्रश्न आला.

ताईंनी समासात पेन्सिलीने दोन ठिकाणी लिहिलं आहे. बार १ पाशी 'खालचा बीटवर', बार १६ पाशी 'वरचा बीटवर'. दोन्हीकडे खूण तीच, नागमोडी रेघ. म्हणजे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं की खूण पुरत नाही. बरोक, म्हणजे बाखच्या काळापर्यंतच्या जुन्या, संगीतात साधारणपणे मोडणं बीटवर सुरू होतं. पुढे पियानोवाले वरचा सूर, म्हणजे चालीचा सूर, बीटवर आणून खालचे आधी टाकू लागले. दोन्ही सवयी आजही चालू आहेत आणि रेघ दोघांनाही सारखीच दिसते.

पहिला विचार असा की रेघ काढूनच टाकावी आणि सगळं पूर्ण लिहावं. बार १ करून पाहिला. चार सुरांचा कॉर्ड, अख्खा बारभर धरायचा. पहिले तीन सूर एकेका डेमिसेमिक्वेव्हरच्या (बीटच्या आठव्या भागाच्या) अंतराने आणि चौथा त्यांच्यानंतर. पूर्ण बारमध्ये २४ डेमिसेमिक्वेव्हर, त्यातले तीन गेले, उरले २१. एकवीसची एक नोट नसते. सोळाची मिनिम, चारची क्वेव्हर आणि एकाची डेमिसेमिक्वेव्हर अशा तीन नोटा टायने, म्हणजे सूर न तोडता धरायला सांगणाऱ्या कमानीने, जोडाव्या लागतात, आणि त्याही चारही सुरांना. चार सुरांचे दोन-दोन म्हणजे आठ टाय, शिवाय सुरुवातीच्या तीन सुरांना कॉर्डपर्यंत नेणारे तीन. एका साध्या, शांत कॉर्डसाठी अकरा टाय! छापून पाहिलं तर काळी जाळी पसरल्यासारखं दिसलं. आणि ते खोटंही आहे, कारण तीन डेमिसेमिक्वेव्हर इतकी नेमकी गती ताईंनी मागितलेलीच नाही. मोजून लिहिलं की वादक मोजून वाजवतो.

बार १ साठी रेघच ठेवली. आधीच्या प्रास्ताविक पानावर एक ओळ टाकायची: या रचनेत रेघ असलेल्या कॉर्डचा खालचा सूर बीटवर.

बार १६ अपवाद, म्हणून तिथे वेगळं लिहिलं. खालचे तीन सूर छोट्या ग्रेस नोटा (तालात न मोजल्या जाणाऱ्या, झटकन वाजवायच्या) म्हणून बाररेघेच्या आधी, आणि बाररेघेनंतर पूर्ण कॉर्ड. प्रत्येक ग्रेस नोटेपासून कॉर्डमधल्या तिच्या सुरापर्यंत टाय, म्हणजे बोट उचलायचं नाही हे दिसतं. नुसती ग्रेस लिहिली तर लिलिपॉन्ड ती बाररेघेनंतर ठेवतो. आधी हवी तर मागच्या नोटेला 'आफ्टरग्रेस' लावायचं. टाय लगेचच्या पुढच्या नोटेला न जाता आपला सूर येईपर्यंत थांबावा यासाठी 'टाय वेट फॉर नोट' चालू करायचं. दोन्ही जुळल्यावर पहिल्यांदा पान असं दिसलं की मला ते न वाजवताही ऐकू आलं.

नागमोडी रेघ इथून काढली. ग्रेस नोटा आणि रेघ दोन्ही ठेवल्या तर कॉर्ड दोनदा मोडायचा का, हा नवा प्रश्न उभा राहतो.

२ फेब्रुवारी

सातवी रचना. हिच्यात रेघ एकही नाही. पहिला बार पूर्ण लिहिलेला, चार सुरांचा कॉर्ड खाली-वर-मधे असा गुंफून सोळा सेमिक्वेव्हरमध्ये, म्हणजे पाव बीटच्या सोळा नोटांत. मग पुढची दोन पानं नुसते ठोकळ्यासारखे कॉर्ड आणि वर 'आर्प. सिम.', म्हणजे असंच पुढे मोडत जा.

ही पद्धत फार जुनी आहे आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. जर्मन रचनाकार बाखने आपल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, १७२० मध्ये सुरू केलेल्या वहीत सी मेजरचं ते सर्वांना ठाऊक असलेलं प्रिल्यूड असंच उतरवलं आहे: सुरुवातीचे बार पूर्ण, पुढे नुसते कॉर्ड. बाखच्याच एकट्या व्हायोलिनच्या डी मायनर पार्टिटातल्या शाकोन या रचनेतही नमुना थोडा लिहून पुढे कॉर्डची रांग आणि 'अर्पेजिओ' हा शब्द आहे. त्याच्या क्रोमॅटिक फँटसीतही तोच शब्द आणि लांब नोटांचे कॉर्ड. त्याआधी फ्रान्समध्ये हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) वाजवणारे कॉर्डच्या दांडीवर तिरकी रेघ मारायचे. त्यांच्यातल्याच दांग्लबेरने १६८९ मध्ये छापलेल्या तक्त्यात अशा एकूण २९ अलंकारखुणा आहेत आणि प्रत्येकीसमोर ती कशी वाजवायची ते पूर्ण सुरांत लिहून दाखवलं आहे. त्या तक्त्यातली ही गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. खूण द्या, पण एकदा तरी उलगडून दाखवा.

ताईंच्या पानावर अडचण नवव्या बारमध्ये येते. तिथे कॉर्ड पाच सुरांचा होतो. चार सुरांचा नमुना पाच सुरांवर कसा बसवायचा? पाचवा सूर कुठे घ्यायचा आणि कुठली पुनरावृत्ती गाळायची? इथे 'सिम.' म्हणणं म्हणजे वादकाला वाऱ्यावर सोडणं. मी ठरवलं: सुराची संख्या जिथे बदलते तो बार पूर्ण लिहायचा, आणि त्यानंतर पुन्हा ठोकळे आणि 'सिम.' लिहायचं. पूर्ण लिहायचे असे तीनच बार निघाले. नवव्या बारसाठी दोन शक्यता लिहून ताईंना पाठवल्या आहेत. एकीत पाचवा सूर गटाच्या शेवटी, दुसरीत मध्यावर.

५ फेब्रुवारी

छोटी नोंद, पण अख्खी दुपार गेली.

पाचव्या रचनेत एकच कॉर्ड वरून खाली मोडायचा आहे. तिथे खाली तोंड केलेला बाण लावला. रात्री सगळं एकत्र छापलं तर त्या बारनंतरचा प्रत्येक कॉर्ड बाणासकट खाली तोंड करून उभा. बाणाची आज्ञा एकदा दिली की मी परत साधी रेघ मागेपर्यंत चालूच राहते, आणि मी मागितलीच नव्हती. चूक माझी. रात्री सापडली हे नशीब, कारण ताईंना पाठवायच्या फाइलमध्ये तो भाग आधीच गेला होता.

याच ओघात एक निर्णय. वरच्या दिशेचा बाण एरवी लावायचा नाही, कारण वर जाणं गृहीतच आहे. पण खालच्या बाणानंतर लगेच येणाऱ्या कॉर्डला तो लावायचा. नाही तर वादकाच्या मनात खाली जाणं रेंगाळतं.

११ फेब्रुवारी

हार्पची प्रत. मला वाटलं होतं पियानोची फाइल उचलून थोडी साफसूफ केली की झालं. झालं नाही.

हार्पवर कॉर्ड किंचित मोडून वाजवणं ही वादकाची नेहमीचीच रीत. म्हणजे पियानोच्या उलट. तिथे मोडायचा कॉर्ड खुणेने सांगतात, इथे न मोडायचा सांगावा लागतो. पियानोच्या प्रतीतल्या एकोणीस नागमोडी रेघा तशाच नेल्या असत्या तर हार्पवादकाने विचारलं असतं की मग बाकीच्या कॉर्डचं काय करू. म्हणून मोडायची नुसती इच्छा होती तिथल्या रेघा काढल्या. जिथे मुद्दाम सावकाश, रुंद मोडायचं आहे अशा पाच ठिकाणी ठेवल्या. आणि जे सात कॉर्ड एकदम, सपाट वाजायला हवेत त्यांच्या डावीकडे सरळ उभा चौकोनी कंस घातला. न मोडण्याची खूण तीच.

पियानोच्या प्रतीतही हा कंस दोन ठिकाणी हवा आहे, असं आता वाटतं. मोडलेल्या कॉर्डच्या रांगेत अधूनमधून सपाट कॉर्ड आला की वादकाचा हात सवयीने त्यालाही मोडतो. कंस असेल तर हात सावध होतो.

आणखी एक: हार्प वाजवताना करंगळी वापरत नाहीत, म्हणजे एका हाताला चार बोटं, चार सूर. बार १४ मध्ये डाव्या हातात पाच आहेत. सर्वांत वरचा सूर उजव्या हाताला दिला, तिथे तीनच होते. रेघ तशीच सलग. कानाला काही बदललं नाही.

१७ फेब्रुवारी

ताईंना फाइल म्यूजस्कोर या संगीतलेखनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडायची असते, आणि पुढे कुणाला वापरायची झाली तर म्युझिकएक्सएमएल, म्हणजे अशा वेगवेगळ्या प्रोग्रॅमना वाचता येणारी फाइल, हवी. लिलिपॉन्डमधून तशी थेट निघत नाही, म्हणून चौथी रचना म्यूजस्कोरमध्ये पुन्हा भरली आणि निर्यात केली. मग ती फाइल दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये उघडली. बार २३ आणि बार २४ अगदी सारखे दिसत होते! दोन्हीकडे दोन-दोन आखूड रेघा. महिनाभर ज्या फरकासाठी डोळे फोडले तो एका निर्यातीत पुसला गेला.

फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचली. म्युझिकएक्सएमएलमध्ये रेघ ही एक वस्तू नसते. कॉर्डमधल्या प्रत्येक सुरापाशी 'आर्पेजिएट' अशी स्वतंत्र नोंद असते आणि तिच्यावर नंबर देता येतो. सगळ्या सुरांचा नंबर एक असेल तर ते एकत्र मोडायचे. नंबर वेगळे असतील तर वेगवेगळे. माझ्या फाइलमध्ये नंबर कुठेच नव्हते. हाताने घातले. बार २४ च्या सहाही सुरांना १. बार २३ मध्ये डाव्या हाताच्या तिन्हींना १ आणि उजव्याच्या तिन्हींना २. २०२१ च्या ४.० आवृत्तीत 'अनब्रोकन' असा आणखी एक गुण आला आहे, रेघ पुढच्या स्टाफवर सलग जाते हे सांगणारा. तो केवळ इशारा आहे, बंधन नाही, तरी लांब रेघांना घातला.

नंबर दिलेली फाइल उघडल्यावर बार २४ सलग, बार २३ सुटा. जीव भांड्यात पडला.

१९ फेब्रुवारी

ताई परतल्या. सकाळी फोन आला, त्यांच्यासमोर हस्तलिखित आणि पियानो.

नऊ जागा एकेक करून विचारल्या. सात सलग, माझ्या अंदाजाप्रमाणेच. "पेन उचललं असेल," एवढंच म्हणाल्या.

बार २३ त्यांनी काही न बोलता वाजवला. तीन जोड्या. तेरावा, बारावा, दहावा. "हात जवळ यायला हवेत इथे. मागच्या बारमधून तेच चाललंय ना?" मी हो म्हणालो. मला बोलवत नव्हतं.

मग बार ३१. मी आधीच सांगून टाकलं की हाही सुटा धरला आहे, शाई नव्याने टेकलेली आहे आणि रेघ सरकलेली आहे. त्यांनी वाजवला तर सहा सूर, एक सलग लाट, वरचा ए फ्लॅट शेवटी एकटा. "नाही रे, हा शेवटचा आहे. इथे हात एकमेकांना सोडून जातात." मग रेघ का तुटली? "बघ ना, मध्ये पीपी लिहिलंय. त्याला चुकवून गेले."

पान समोर घेतलं. खरंच, दोन स्टाफच्या बरोबर मधोमध 'पीपी' (अगदी मृदू वाजवायची खूण) आणि वरचा तुकडा त्याला वळसा घालून उजवीकडे सरकलेला. मी ६०० डीपीआयवर शाईचा ठिपका पाहिला आणि त्याच्या शेजारचं अक्षर पाहिलं नाही. पुन्हा असं हस्तलिखित आलं तर खूण मोठी करून पाहण्याआधी तिच्या आजूबाजूला काय लिहिलं आहे ते पाहायचं.

सातव्या रचनेच्या नवव्या बारसाठी त्यांनी दुसरी शक्यता निवडली, पाचवा सूर मध्यावर.

२० फेब्रुवारी

बार ३१ सलग केला, नंबर बदलले. आता छापील पानावरही 'पीपी' त्या लांब रेघेला आडवं येतं. हाताने लिहिताना रेघ वळवता येते, छापताना ती सरळच जाणार. मग 'पीपी' हलवलं पाहिजे. डावीकडे नेलं तर ते आधीच्या कॉर्डचं वाटतं, म्हणून उजवीकडे, नोटहेडच्या किंचित पुढे. तीन वेळा छापून जागा ठरवली.

पियानोच्या प्रतीत न मोडण्याचे दोन कंसही घातले, ताईंच्या संमतीने.

२४ फेब्रुवारी

आज वाचन. ताईंच्या ओळखीची एक पियानोवादक, जिने या रचना आधी ऐकलेल्या नाहीत. तिला काहीही सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पानं स्टँडवर ठेवली आणि मी पेन्सिल घेऊन मागे बसलो.

दुसऱ्या रचनेत बार १६ ला खालचे सूर बाररेघेच्या आधी आले, वरचा नेमका बीटवर. सातव्या रचनेत नवव्या बारला अडखळली नाही. पाचव्या रचनेत खाली जाणारा कॉर्ड बरोबर, त्याच्या पुढचा वर जाणाराही बरोबर. पहिल्या रचनेत एका जागी थांबून मागे वळून तिने विचारलं की ही रेघ या मधल्या सुरालाही लागू आहे का. तिथे दोन आवाज आहेत आणि रेघ एकाच आवाजापुरती छापली गेली आहे. एन्ग्रेव्हर जोडायचा राहून गेलेली जागा. पेन्सिलीने गोल केला.

चौथी रचना तिने सावकाश घेतली. बार २२ च्या दहाव्यांपाशी ती पुढे वाकली, २३ वर दोन्ही हात एकदम निघाले, तीन जोड्या, आणि ती तिथे जरा जास्तच थांबली. पुढे ३१ ला एकच लाट. ताई खिडकीशी उभ्या होत्या, त्यांनी मान हलवली.

उद्या: पहिल्या रचनेतली ती रेघ दुरुस्त करणे, प्रास्ताविक पानावरची ओळ, आणि हार्पची प्रत छापायला देणे.